कोठार कुणाचं?

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्याची कोठाराशी गाठ फार लवकर पडते. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेत अगदी सुरुवातीला बांधता येणाऱ्या इमारतींत ते असतं. कोठार बांधलं की अन्न वाढतं, अन्न वाढलं की वस्ती, आणि वस्ती वाढली की पुढचं सगळं. आतलं धान्य कुणाचं हा प्रश्न तिथे येतच नाही. नकाशावर ज्याचा रंग, त्याचं कोठार.

पापनाशमला लागून असलेल्या तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथर देवळाच्या आवारात एक खरं कोठार उभं आहे. विटांचं, गोल, वर निमुळतं होत गेलेलं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, म्हणजे तंजावरच्या नायक राजांच्या काळातलं. त्यात तीन हजार कलम भात मावतं असं सांगतात. (कलम हे तमिळ माप, बारा मरक्कालांचं. मराठी वाचकाला ‘तीन हजार कलमं’ म्हटल्यावर आधी रत्नागिरीची बाग दिसेल आणि मग एखादा लांबलचक कायदा.) बांधणारे राजे होते, पण बांधलं देवाच्या आवारात. या मुलखात पिकावर एका वेळी अनेकांचा हक्क असे. राजाचा वाटा मेलवारम, जमीन धरणाऱ्याचा कुडिवारम. त्यातला मेलवारम कित्येक गावांत राजाकडे जातच नसे. तो देवाला, अग्रहाराला किंवा छत्राला लावून दिलेला असे. नायक गेले, १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले आले, शंभरेक वर्षांनी कंपनी आली. नकाशाचा रंग बदलत गेला आणि देव तोच राहिला. हे मांडणारा नियम माझ्या पाहण्यातल्या एकाही गेममध्ये नाही.

हा विचार करायची वेळ आली ती एका कामामुळे. तंजावरच्या मराठी राज्यावर पटावरचा खेळ करू पाहणाऱ्या दोघा तमिळ तरुणांनी त्याचे नियम आणि पत्ते मराठीत आणायला सांगितले. मूळ मसुदा इंग्रजीत, खेळ निघणार तमिळ, मराठी आणि इंग्रजीत. पहिलाच शब्द अडला: सिनॅरिओ. कोणत्या साली सुरुवात, कुणाच्या हाती काय, किती पाळ्या आणि जिंकलं कधी म्हणायचं, एवढं सगळं त्या शब्दात येतं. मी ‘डाव’ घेतला. डाव मांडतात, मोडतात, तो एखाद्यावर उलटतो आणि प्रसंगी रडीचाही असतो. शिवाय डाव म्हणजे एक मत असतं, ‘या राज्याला काय काय करता आलं असतं’ याबद्दलचं. इतिहासकार हे मत वाक्यांतून मांडतो, डाव मांडणारा क्रियापदांतून. खेळाडूला कोणती क्रियापदं दिली आणि कोणती नाकारली, यात त्याचं सगळं इतिहासभान उघडं पडतं. म्हणून डावाची समीक्षा कादंबरीच्या समीक्षेइतक्याच गांभीर्याने करता येते असं मी मानते.

तशी करून पाहिली की काय दिसतं? ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) मध्ये मराठे खेळायला मिळतात, काळ १७०० ते १७९९. पण तंजावर नकाशावर नाही. कावेरीचा सगळा त्रिभुज प्रदेश कर्नाटक नावाच्या एका मोठ्या प्रांतात विरघळून गेला आहे. १७०० साली तिथे शहाजी राजे गादीवर होते. त्याआधी सात वर्षं त्यांनी तिरुविसनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं होतं, आणि त्यांच्या नावावरच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर बोलतात. सैन्यच बघायला शिकलेल्या नकाशाला यातलं काही दिसण्याची सोय नाही.

‘युरोपा युनिव्हर्सालिस’चा चौथा भाग जास्त अभ्यासू. १४४४ ते १८२१ असा लांब पल्ला, शेकडो राज्यं. त्यात राजाकडे प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर असे तीन प्रकारचे गुण साठत जातात आणि ते खर्चून प्रांताचा ‘विकास’ करता येतो. म्हणजे भाताचं उत्पन्न वाढतं ते राजाच्या अकलेतून. पाऊस, बांध, चिखलात वाकलेली पाठ यांचा संबंध नाही. दरबारी भाटाने गेम लिहिला असता तर त्यानेही हेच केलं असतं.

याहून कितीतरी प्रामाणिक खेळ म्हणजे कोल वेर्लेचा ‘जॉन कंपनी’ (२०१७). तिथे खेळाडू म्हणजे लंडनमधली घराणी, आणि हिंदुस्थानातली राज्यं कुणाच्याच हाती नाहीत, ती पत्त्यांवर हलतात. हिंदी माणसाचा कर्तेपणा यात हिरावला जातो, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही. तो खेळ हावरेपणाबद्दल आहे, आणि हावरेपणाच्या खुर्चीतून तंजावर असंच दिसत होतं. १७७३ साली अर्काटच्या नवाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावर घेतलं, तुळजाजी राजे कैदेत पडले. नवाब आधीच मद्रासच्या गोऱ्या सावकारांच्या कर्जात बुडालेला. त्यांतल्या पॉल बेनफील्डने तर तंजावरच्या वसुलावर आणि उभ्या पिकावरही आपला हक्क सांगितला. लंडनच्या संचालकांच्या हुकुमाने १७७६ मध्ये गव्हर्नर पिगॉटने तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवलं, तेव्हा त्याच्याच कौन्सिलातल्या लोकांनी पिगॉटला अटक केली आणि पुढच्या वर्षी तो अटकेतच वारला. एका राजाला सोडवताना गव्हर्नर कैदेत मरतो, असं कुणी नाटकात लिहिलं असतं तर आपण ते अतिरंजित म्हणून बाजूला ठेवलं असतं.

आमच्या मसुद्यात यातलं काही नव्हतं. तो सुरू होत होता १६७७ मध्ये, कोळ्ळिडमच्या काठी, शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांच्या भेटीपासून. मोह समजण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या वाचकालाही तंजावर आठवतं ते सावत्र भावाचं राज्य म्हणून. पण तिथून डाव मांडला की पुढच्या पावणेदोनशे वर्षांना एकच प्रश्न विचारला जातो: हे रायगडाला किंवा पुण्याला जोडलं गेलं असतं तर? तंजावर मग मराठ्यांच्या इतिहासाचं परिशिष्ट होतं, आणि परिशिष्टाला स्वतःची खेळी नसते.

आरंभाचं साल निवडणं किती राजकीय असतं हे तंजावरलाच चांगलं ठाऊक होतं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला ‘भोसले वंश चरित्र’ हा प्रचंड मराठी शिलालेख हाही माझ्या दृष्टीने एक डावच आहे. दुसऱ्या सरफोजी राजांचे चिटणीस बाबुराय यांनी तो रचला. भोसल्यांच्या वंशाची कथा लांबवरून आणत तो स्वतः सरफोजींपर्यंत पोचतो. कोरला केव्हा, तर २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेल्यावर चार वर्षांनी. राजाकडे उरला होता किल्ला आणि लगतचा थोडा भाग, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. त्याआधीची दहा-अकरा वर्षं तुळजाजींनी घेतलेलं दत्तक शास्त्राला धरून आहे की नाही यावरच सगळा वाद चालला होता. कंपनीने आधी अमरसिंहांना गादी दिली, मग पंडितांची मतं फिरून मागवली आणि १७९८ मध्ये सरफोजींना बसवलं. अशा माणसाने जमीन हातची गेल्यावर वंश दगडात कोरून घ्यावा, यात भक्ती किती आणि डावपेच किती? जिंकण्याची व्याख्याच त्यांनी बदलून घेतली. मुलूख मोजायचा नाही, पिढ्या मोजायच्या.

तेव्हा मी सुचवलं की १६७७ सोडा, १७७६ पासून सुरू करा. राजा गादीवर परतला आहे आणि किल्ल्यात कंपनीची पलटण आहे. पाळी वर्षाची नको, पाण्याची हवी. आडी महिन्यात कावेरीला पाणी येतं तेव्हा पाळी सुरू व्हावी, आणि किती पाणी आलं हे राजाच्या हाती नसावं. कल्लणैपाशी कोळ्ळिडमचं पात्र खोल आहे; बांध धड नसला तर पाणी तिकडे पळतं आणि तंजावर कोरडं राहतं. बांधाची ती जागा त्रिचनापल्लीच्या, म्हणजे नवाबाच्या हद्दीत. दुरुस्ती कुणी करायची, करू द्यायची की नाही, यावरून अठराव्या शतकात दोघांत खटके उडत राहिले. आपल्या पिकाची किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला आहे, ही परिस्थिती कुठल्याही लढाईपेक्षा खेळायला अधिक चांगली. दोघांनी हे लगेच घेतलं. (पटावर कावेरी आता निळ्या दोरीची आहे. पाण्याच्या मापाने ती लांब-आखूड करतात.)

खरी कुस्ती झाली क्रियापदांवर. इंग्रजी मसुद्यात होतं ‘लेव्ही’, ‘डेव्हलप’, ‘ॲनेक्स’. त्यांचं ‘वसूल करा’, ‘विकास करा’, ‘खालसा करा’ असं भाषांतर तासाभरात होण्यासारखं होतं. अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. १७८१-८२ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी हा प्रदेश उद्ध्वस्त केला. त्या पत्त्यावर ‘लोकसंख्या तीनने कमी’ असं लिहिलेलं होतं. मराठी दफ्तरांना लोकसंख्या असा शब्दच माहीत नाही. तिथे रयत परागंदा होते. परागंदा होणं हे रयतेचं क्रियापद आहे. ते तिने केलेलं असतं, तिच्या बाबतीत नुसतं घडलेलं नसतं. मग सरकारला कौल द्यावा लागतो: परत या, जमीन लावा, पहिल्या वर्षी इतकाच सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक. चढत्या साऱ्याच्या त्या बोलीला इस्तावा म्हणत. बी-बैलांसाठी तगाई. हा सगळा नियमांचा संच मराठीत तयार होता, त्याच्या जागी ‘डेव्हलप’ का यावं? मराठी दफ्तरी भाषा ही स्वतःच राज्य चालवण्याच्या खेळाची नियमपुस्तिका आहे, आणि तिच्यात विरुद्ध बाजूलाही खेळी आहेत.

तंजावरमधला याचा सर्वांत बोलका दाखला श्वार्ट्झचा. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी तुळजाजींच्या दरबारी वजन राखून होता. पुढे सरफोजींचं संगोपनही त्याच्याकडे आलं. हैदरच्या स्वारीनंतरच्या वर्षांत वसुलीच्या जुलमाने लोक गावं सोडून गेले. राजाने न्यायाचं आश्वासन दिलं, त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. श्वार्ट्झने आपला शब्द दिला तेव्हा सात हजार माणसं परतली, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. आकडा त्याचाच, म्हणून तो सोडून देऊ. पण कौल द्यायचा हक्क राजाचा आणि तो चालला पाद्र्याच्या जिभेवर, हे त्यातून स्पष्टच दिसतं. राजाकडे शब्द होता, पत नव्हती. मसुद्यात ‘गोल्ड’ नावाचं जे साधन होतं त्याच्या शेजारी मी ‘पत’ हे दुसरं साधन मागितलं. ती खर्च करून सोनं मिळतं, पण सोनं देऊन ती परत मिळत नाही. इंग्रजीत तिला काय म्हणायचं यावर दोघं अजून अडले आहेत. ‘क्रेडिट’ म्हटलं की बँक आठवते, ‘ऑनर’ म्हटलं की तलवार.

‘मिरासदार’ या शब्दाने मात्र फसवायला पाहिलं. मराठीत मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला, बहुधा स्वतः कसणारा शेतकरी. (शिवाय द. मा. असतातच.) तोच शब्द तंजावरच्या तमिळमध्ये गेला आणि तिथे गावच्या जमिनीत हिस्सा असलेला, कित्येकदा नांगराला हात न लावणारा धनी झाला. नांगर पन्नैयाळाच्या हातात. पन्नैयाळ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर बांधला गेलेला मजूर, बहुतेक पळ्ळर किंवा परैयर. पुण्यातला खेळाडू पत्त्यावर ‘मिरासदार परागंदा’ वाचून घाम गाळणाऱ्या कुणब्याला डोळ्यांपुढे आणील आणि हळहळेल. इथला मिरासदार गाव सोडायचा तेव्हा ती सरकारशी घासाघीस असायची. पन्नैयाळाला परागंदा होण्याचीही मुभा असेलच असं नाही. म्हणून मराठी पत्त्यावर मी मिरासदार हा शब्द ठेवला नाही, ‘गावकीचे हिस्सेदार’ केलं. आपल्याच भाषेतला शब्द आपल्या भाषेत आणताना बदलावा लागतो ही गंमत भाषांतराच्या वर्गात कुणी शिकवलेली नव्हती. पन्नैयाळाला या पटावर सोंगटी असावी यावर आम्हा तिघांचं एकमत आहे. तिला चाल कोणती द्यायची यावर नाही. एकाचं म्हणणं, तिला चाल नसणं हाच नियम असावा. मला ते सोयीस्कर वाटतं. काम थांबवणं, मंद करणं, लावणीचे दिवस टळू देणं या चाली नोंदीत क्वचितच सापडतात, पण पाण्याच्या पाळीवर चालणाऱ्या शेतीत त्यांच्याइतकं जड काही नसतं.

मोठं भांडण मात्र १७९९ वरून झालं. त्यांच्या मते तहाबरोबर डाव संपतो. मुलूख गेला, फौज गेली, आता खेळणार काय? ‘त्यानंतरचं म्हणजे संग्रहालय आहे,’ असं त्यांतल्या एकाने म्हटलं. तंजावरबद्दल मराठीत जे गोडगोड लिहिलं जातं तेही नकळत हेच म्हणतं: विद्याव्यासंगी राजा, सरस्वती महाल, दुर्मिळ पोथ्या, आणि एक नमस्कार. सरफोजी १८३२ पर्यंत जगले. तेहतीस वर्षं हा माणूस काही करत होता, आणि ते नुसतं छंद म्हणून चाललं होतं असं मला वाटत नाही.

१८०१ मधलं त्यांचं रेसिडेंटला लिहिलेलं पत्र घ्या. मागणी एवढीच, की छत्रं आपल्या हाती राहावीत. त्यासाठी ते छत्रांचं काम सविस्तर वर्णन करतात: सगळ्या जातींच्या वाटसरूंना अन्न, मध्यरात्री घंटा वाजवून उरलेल्यांना बोलावणं, आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची काळजी. आणि तंजावरचं नाव हिंदुस्थानभर आहे ते या दानधर्मामुळे, हेही सांगतात. हे पत्र मी खेळी म्हणून वाचते, आणि फार हुशार खेळी म्हणून. ‘हा माझा मुलूख’ असं म्हटलं असतं तर तहाचं कलम पुढे आलं असतं. ‘हा धर्म’ म्हटल्यावर कंपनीला सरळ नाही म्हणणं जड. राजाने धान्य राज्याच्या खात्यातून काढून धर्माच्या खात्यात टाकलं, जिथे तिरुप्पालैत्तुरैचं कोठार आधीपासून होतंच. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडूला मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभं राहिलं. ही मुक्तांबाळ लग्नाची राणी नव्हती, त्यांची प्रेयसी होती. वंशाच्या शिलालेखात जिला जागा नव्हती, तिला छत्रात मिळाली. नवल एवढंच की हा तपशील खेळाच्या मसुद्यात ‘सांस्कृतिक गुण: २’ एवढ्यात आटपला होता.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्याच राजाच्या नावावरचं मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळ प्रकार: भविष्य सांगत डोंगररानांतून हिंडणारी बाई विरहिणीला आपण पाहिलेले देश सांगते. इथे ती इंद्राणीला सांगते चक्क जगाचा भूगोल. स्ट्रॅटेजी गेममध्ये नकाशा उलगडतो तो सैन्य पुढे सरकेल तसा. न पाहिलेला भाग काळा असतो. किल्ल्यापुरता उरलेला राजा सगळी पृथ्वी उलगडतो ती भटक्या बाईच्या तोंडून, गाण्यात. यात विनोद आहे की शोक, मला ठरवता येत नाही. मनोऱ्याबद्दल मात्र ठरवता येतं. पट्टुक्कोट्टैजवळ समुद्रकाठी सरफोजींनी १८१४-१५ मध्ये आठ मजली मनोरा बांधला तो नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ. दुसऱ्याच्या विजयाचा स्तंभ आपल्या खर्चाने! मसुदा करणाऱ्यांना यात लाचारी दिसली आणि त्यांनी पत उणे एक केली. मी उलट बाजूने भांडले. ज्याच्याकडे स्वतःचा विजय नोंदवायला घर उरलेलं नाही, त्याला पटावर राहायचं तर दुसऱ्याच्या घरात का होईना सोंगटी ठेवावी लागते. पत वाढेल की घटेल हे फाशावर सोडा, एवढी तडजोड झाली.

जेथे पर्याय विपुल तिथे डावपेचाची गरज कमी, हे बुद्धिबळ खेळणाऱ्या कुणालाही सांगायला नको. शेवटी उरलेली प्यादी आणि राजा यांच्या हालचालींवरच तर मोठमोठे ग्रंथ आहेत. २०२४ साली आलेल्या ‘विजयनगर’ या पटावरच्या खेळात दिल्ली, बहमनी आणि विजयनगर यांना वेगवेगळ्या चाली देऊन असमान बळाची गोष्ट चांगली रंगवली आहे. पण तिथेही शेवटी मोजला जातो तो मुलूख आणि दबदबा. मुलूख शून्य झाल्यानंतरचा डाव मांडलेला मी पाहिलेला नाही. आमच्या पेटीत तो आता दुसरा डाव म्हणून आहे, १७९९ पासून पुढे, दोनच खेळाडूंचा: राजवाडा आणि रेसिडेन्सी.

तो कुठे संपवायचा हे ठरायचं आहे. दोघांच्या मसुद्यात १८५५ लिहिलंय: दुसरे शिवाजी राजे मुलगा न ठेवता वारले, कंपनीने राज्य संपलं म्हणून जाहीर केलं, पट गुंडाळा. मी चार वर्षं वाढवून मागते आहे. कंपनीने राज्याबरोबर राजवाड्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली, तेव्हा राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांनी दावा केला आणि तिथे जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला: ही राजसत्तेची कृती, बरोबर असो वा चूक, कोर्टाला तिच्यात शिरता येणार नाही. त्या पत्त्याचा मराठी मजकूर मी पाठवला आहे. त्यावर राणीच्या खेळाडूला दोन फासे टाकायला सांगितलं आहे. पहिला मद्रासचा, आणि तो मोजायचा. दुसरा लंडनचा. तो टाकायचा, पण वाचायचा नाही. इंग्रजी पत्त्यावर हा नियम कसा लिहावा, असं त्यांनी कळवून विचारलं आहे.